पोरांच्या गळ्यातली कार्डं

समुद्रावर फिरायला जायचं हे आमच्या घरी कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ते आलं माझ्या मोठ्या दिरांमुळे. धुळ्याला त्यांचं विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारींचं दुकान आहे. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्या वर्षी कंपनीने नेमून दिलेल्यापेक्षा त्यांच्या मोटारी जास्त खपल्या आणि कंपनीने बक्षीस म्हणून त्यांना क्रूझची सफर दिली. तीन रात्री बोटीवर, एक रूम, आणि वर बोटीवर खर्चायला कंपनीनेच भरलेली रक्कम. आम्ही धुळ्याला जेवायला गेलो होतो तेव्हा त्यांनी हे सांगितलं, आणि शेवभाजीची वाटी पुढे सरकवता सरकवता म्हणाले की तुम्हीही चला, तुमची रूम शेजारी काढू, पोरं एकत्र मजा करतील.

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे न बघताच मान हलवली. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचेपर्यंत मी गाडीत मनातल्या मनात हिशेब करत होते. यांची सरकारी नोकरी, माझ्या घरी आठवी ते दहावीचे क्लासेस. आमचं बरं चाललेलं असतं, पण समुद्रावर जाण्याइतकं बरं कधीच नव्हतं. मागच्या सीटवर माझी तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा बोटीवर पोहायचा तलाव असतो की नाही यावरून भांडत होती. त्यांना मागे वळून "नाही जायचं" म्हणायची हिंमत मला झाली नाही. दर महिन्याला बँकेत टाकत होतो ती ठेव मोडली आणि रूमचे पैसे भरले.

निघालो तेव्हा भाऊंच्या मोठ्या गाडीत आम्ही सातजण होतो. भाऊ, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, त्यांची पंधरा वर्षांची एकुलती मुलगी आणि आम्ही चौघं. मी केळ्याचे वेफर्स घेतले होते, अक्काने दोंडाईच्याहून, तिच्या माहेरून आलेल्या मिरच्यांचा ठेचा. मुंबईच्या बंदरावर सामान तपासून झालं आणि आम्हाला एका लांबलचक काउंटरसमोर उभं केलं. तिथे प्रत्येकाला एक कार्ड मिळालं, गळ्यात अडकवायला निळी पट्टी. रूमचं दार त्यानेच उघडायचं आणि बोटीवर काही विकत घ्यायचं तर तेच यंत्राला लावायचं. रोख पैसे तिथे चालतच नाहीत. सगळ्यांचा खर्च रूमच्या एका खात्यावर चढतो आणि उतरताना बिल हातात येतं.

हे बॅगा घेऊन पुढे गेले होते. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, मुलांच्या कार्डांचं काय करायचं? चालू ठेवू, मर्यादा घालू की बंद करू?"

मी मर्यादा घाला म्हणाले. सगळ्या सफरीसाठी प्रत्येकी दीड हजार. तिने यंत्रात घातलं, आणि माझ्या फोनमध्ये बोटीचं अ‍ॅप चालू करून दिलं. खात्यावर कुणीही काही घेतलं की लगेच फोन वाजणार आणि कुणी, कुठल्या मजल्यावर, काय घेतलं ते दिसणार. मला ते फार आवडलं. मुलांना मी आकडा सांगितला नाही. आकडा कळला की पोरं तेवढा संपवल्याशिवाय राहत नाहीत, असं माझं मत. एवढंच सांगितलं की कार्ड जपून वापरायचं, आणि विचारूनच.

शेजारच्या काउंटरवर भाऊ आपल्या मुलीच्या गळ्यात पट्टी घालत होते. कंपनीने भरलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणून पाहिजे ते घे, काही शिल्लक ठेवू नकोस, असं ते तिला मोठ्याने बजावत होते. माझ्या मुलीने ते ऐकलं. ती आपल्या कार्डावरच्या स्वतःच्या फोटोकडे बघत राहिली. अक्काने आपलं कार्ड रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

बोट बंदरातून निघाली तेव्हा सगळे वरच्या डेकवर फोटो काढत होते. मी पण काढले, पण माझं अर्धं लक्ष फोनकडे. बोट चालते तेव्हा पायाखाली काहीतरी हळूहळू सरकत असल्यासारखं वाटतं. इतरांना त्याची सवय झाली, मला शेवटपर्यंत झाली नाही. कुठेही बसले की दोन मिनिटांत उठावंसं वाटायचं.

संध्याकाळी चहा घेताना पहिल्यांदा फोन वाजला. मुलगा, सातवा मजला, गेम झोन. मी कप खाली ठेवेपर्यंत पुन्हा वाजला. मग पुन्हा. हे म्हणाले, खेळू दे गं, त्यासाठीच आलोय. पण मी उठले. लिफ्टला गर्दी होती म्हणून जिन्याने गेले. प्रत्येक मजल्याचे गालिचे सारखेच, आरसे सारखेच, मी दोनदा चुकीच्या बाजूला वळले. गेम झोनमध्ये पोचले तेव्हा माझा मुलगा काचेच्या एका पेटीसमोर उभा होता. वरून लोखंडी पंजा खाली येतो आणि भुसा भरलेली खेळणी उचलतो, किंवा उचलत नाही. त्याने कार्ड लावलं. यंत्रावर लाल दिवा लागला आणि मोठ्याने टूंऽ असा आवाज झाला. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी एकजण हसला. पैसे संपले की असं होतं, असं तिथल्या माणसाने त्याला समजावून सांगितलं. माझी मुलगी आणि पुतणी बाजूलाच उभ्या होत्या.

तीन दिवसांचे पैसे त्याने पाव तासात संपवले होते. हातात एक पिवळं बदक. तो रडत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मला वाटलं नुसतं कार्ड आहे."

त्याचं कार्ड मी काढून माझ्या गळ्यात घातलं. दोन पट्ट्या गळ्यात घालून मी तीन दिवस फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा मी पुन्हा अ‍ॅप उघडलं. मुलीच्या नावापुढे शून्य होतं. एक रुपयासुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं की मी ते अक्काला दाखवलं. म्हटलं, पोरगा गेला त्याच्या बापावर, पण पोरगी बघा, शहाणी आहे माझी. अक्काने हसून मान डोलावली. ती कपातला चहा चमच्याने ढवळत होती. दोऱ्याला बांधलेली पुडी पाण्यात बुडवायची तो चहा. पहिल्या संध्याकाळपासून ती एकच म्हणत होती, हा चहा नव्हे.

तासाभराने मी तलावापाशी गेले तर माझी मुलगी खुर्चीवर बसली होती. हातात उंच ग्लास, आत आंब्याच्या रंगाचं काहीतरी, वर छोटी छत्री. केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या आणि प्रत्येक वेणीला रंगीत मणी. पुतणीच्याही तशाच. वेण्या घालणारीच्या टेबलावर दरपत्रक उभं होतं, ते मी येतानाच वाचलं होतं.

मी विचारलं, हे कुणी दिलं. ती म्हणाली, "ताईने. मी मागितलं नाही, तीच देते."

पुतणीने लगेच सांगितलं की पप्पांनी संपवायलाच सांगितलंय. तिचं खरंच होतं. आणि तरी मला ते खुपलं. मी यावलकडची. आमच्याकडे कुणी केळीचा घड दिला तरी डबा रिकामा परत पाठवत नाहीत, त्यात काहीतरी घालून पाठवतात. माझी मुलगी भाऊंच्या खात्यावर वेण्या घालून बसली होती आणि मी सकाळी तिच्या शहाणपणाचं कौतुक करून आले होते. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की ताईकडून आता काही घ्यायचं नाही, पाहिजे असेल तर तुझं कार्ड आहे. तिने मान हलवली. मणी एकमेकांवर वाजले.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, घरातलंच आहे, तू का जीव टांगणीला लावून घेतेस. मला घरातलं आणि घराबाहेरचं यातलं अंतर त्यांना समजावता येईना. शेवटी मी अक्काला शोधत गेले. ती सहाव्या मजल्याच्या काचेच्या खिडकीपाशी एकटी बसून समुद्र बघत होती. मी म्हटलं, पोरीच्या वेण्यांचे आणि सरबताचे किती झाले ते सांगा, मी गावी गेल्यावर देते. बोटीवर रोख चालत नाही ना.

"त्यामा काय शे," ती अहिराणीत म्हणाली. "बठ्ठं कंपनीनंच शे."

सगळं कंपनीचंच आहे म्हणून ती विषय संपवत होती, तरी मी हट्ट धरला. तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली की तू मला विचारून काय उपयोग, मला काय माहीत किती झाले. हिशेब त्यांच्या फोनवर येतो. मग पर्समधून रुमाल काढून तिने आपलं कार्ड दाखवलं. पट्टीची घडीसुद्धा मोडली नव्हती. दार उघडायला ती आपल्या मुलीचं कार्ड वापरत होती. "हे चालतं की नाही ते बी मला माहीत नाही," ती म्हणाली. तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी काहीतरी निमित्त काढून उठले.

जेवणं झाली. दुपारी मुलगी कुठे दिसेना. आधी मला वाटलं तलावावर असेल. तिथे पुतणी तिच्यासारख्याच पोशाखातल्या दोन मुलींबरोबर बसली होती. बोटीवर झालेल्या मैत्रिणी. तिला विचारलं तर तिने नजर चुकवली आणि म्हणाली, ती मघाशीच गेली. कुठे गेली ते माहीत नाही.

मी फोन काढला. मुलगा कुठे आहे हे मला काल फोनने सांगितलं होतं. मुलीच्या नावापुढे मात्र सकाळसारखंच शून्य होतं. कुठलाच मजला नाही, कुठलीच वेळ नाही. पहिल्यांदाच त्या शून्याची मला भीती वाटली. रूममध्ये पाहिलं, हे झोपले होते आणि मुलगा टीव्ही बघत होता. यांना उठवलं, त्यांना वरच्या मजल्यांवर पाठवलं, मी खालच्या. नाट्यगृहात अंधार होता, मी नाव घेऊन हाक मारली तर झाडू मारणाऱ्या माणसाने दिवे लावले. वाचनालयात दोन म्हातारे पत्ते खेळत होते. बायकांच्या प्रसाधनगृहांत जाऊन प्रत्येक दारापाशी वाकून चपला बघितल्या. बाहेर डेकवर आले तर कठड्यापलीकडे पाणी, आणि पाणीच. मी कठड्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. माणसं आइस्क्रीम खात होती, कुणीतरी माइकवर तंबोला पुकारत होतं. माझ्या गळ्यातल्या दोन पट्ट्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि त्या सोडवायलासुद्धा मी थांबत नव्हते.

शेवटी ठरवलं की ज्या काउंटरवर आधी कार्डं मिळाली तशाच आतल्या रिसेप्शनवर जाऊन बोटभर पुकारा करायला सांगायचं. धावतच गेले. तिथल्या सोफ्यावर, बरोबर काउंटरसमोर, माझी मुलगी बसली होती. वेण्या सोडल्या होत्या. मणी ओंजळीत होते.

मी तिच्यावर ओरडणार होते, पण माझ्या तोंडातून नुसता श्वास निघाला. ती म्हणाली, "मी तुझीच वाट बघतेय. ते म्हणाले आईला घेऊन ये."

काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की या मुलीला आपलं कार्ड बंद करायचंय, पण ती लहान असल्यामुळे तुमची सही लागेल.

मी तिच्याशेजारी बसले. विचारलं, काय झालं. थोडं थोडं करून तिने सांगितलं. मी दटावल्यावर तिने ताईकडून घेणं बंद केलं. मैत्रिणींनी थंड कॉफी मागवली तेव्हा ही म्हणाली, मला नको. तिसऱ्यांदा नको म्हणाली तेव्हा त्यांतल्या एकीने विचारलं, तुझ्याकडे कार्ड नाही का. आणि ताई म्हणाली, हिचं कार्ड चालत नाही, हिच्या भावाचं काल लाल झालं ना, तसंच. ताईने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं, माझ्या मुलीनेच तसं सांगितलं. पण सगळ्या हसल्या.

"तुझं चालतं," मी म्हटलं. "पूर्ण पैसे आहेत त्यात. तू लावलंच नाहीस."

"किती आहेत?"

मी काउंटरकडे पाहिलं.

"मला माहीतच नाही किती आहेत. लावलं आणि लाल दिवा लागला तर? सगळ्यांसमोर?" ती मण्यांकडे बघत बोलत होती. "त्यापेक्षा बंद करून टाक. बंद असलं की मला सांगता येतं, माझं बंद आहे. मग कुणी विचारत नाही."

म्हणजे सकाळपासून मी ज्याला शहाणपण म्हणत होते ते हे होतं. मी तिथे सोफ्यावर बसून तिला आकडा सांगितला. दीड हजार. मग एकदा तोंड उघडलंच म्हणून पुढचंही सांगितलं, की रूमचे पैसे कुठून आले, ठेव कुठली मोडली, भाऊंचे पैसे कंपनीचे कसे आणि आपले आपले कसे. तिला यांतलं बरंचसं माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की आपल्याकडे काहीच नाही. कधीकधी पोरांना आपण काही सांगत नाही तेव्हा ती शून्यापासूनच मोजायला सुरुवात करतात.

ऐकून ती म्हणाली, "एवढे आहेत? मग कालच सांगायचं ना."

तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि मला तो सोसवला. काउंटरवरचा माणूस अजून सहीचा कागद घेऊन उभा होता. मी मुलीला विचारलं, करायचं का बंद. तिने थोडा विचार केला आणि नको म्हणाली. वर एक अट घातली: मी तिच्या मागे मागे यायचं नाही. मी हो म्हटलं.

पाळलं मात्र नाही. तासाभराने फोन वाजला. मुलगी, अकरावा मजला, तीन थंड कॉफी. मी रूममध्ये होते, यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, बस. मी बसले. आणि उठले. अकराव्या मजल्यापर्यंत जिना चढले आणि काचेच्या दाराआडूनच पाहिलं. माझी मुलगी एक ग्लास पुतणीसमोर ठेवत होती. एक धाकट्या भावाला. पुतणी तिला काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता तिने हिचे मणी घेतले व एका दोऱ्यात ओवायला सुरुवात केली. त्या मैत्रिणी आजूबाजूला नव्हत्या. मी कुणाला दिसायच्या आत खाली उतरले.

पुतणीने मला नंतर एकदा सांगितलं की ती दिवसभर नुसती खर्च करून कंटाळली होती. संध्याकाळी पप्पा विचारायचे, किती संपवले. एकटीने किती पिणार. म्हणून ती हिला ओढत न्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का आमच्या रूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तर येईना. पर्स छातीशी धरून म्हणाली की वरच्या कॉफीच्या दुकानात खरा चहा मिळतो म्हणतात, दूध-आलं घालून उकळलेला. आपण जायचं का. मग हळूच म्हणाली, "हे कसं लावतात ते तू दाखव."

आम्ही दोघी वर गेलो. तिने दोन चहा सांगितले. रुमालातून कार्ड काढलं. यंत्रासमोर तिचा हात एक क्षण थबकला, मग तिने कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत अभिमान वगैरे काही नव्हतं, नुसती चौकशी होती, झालं का, एवढीच. मी म्हटलं, झालं.

कप हातात घेऊन आम्ही बसतो न बसतो तोच भाऊ आले. वाऱ्याने केस उडालेले, हातात फोन, धाप लागलेली. खाली कुठल्या मजल्यावर होते कोण जाणे. टेबलापाशी येऊन त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अक्काकडे.

"तुनं कार्ड कोनी वापरं?"

"मी," अक्का म्हणाली. "चहा पिधा."

"खाले फुकट मिळस ना चहा."

"तो चहा नही शे."

भाऊ उभेच राहिले. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येईना. खरं सांगायचं तर त्यांच्या हातातल्या फोनकडे मला बघवत नव्हतं, कारण माझाही फोन तसाच माझ्या हातात होता, टेबलावर ठेवलेला नव्हता. त्यांना राग आला होता असंही म्हणता येणार नाही. कंपनीचेच पैसे होते, संपवायचेच होते. त्यांना एवढंच समजत नव्हतं की खात्यावर आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी कसं चढलं. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. वेटर आला तेव्हा त्यांनी आपल्यालाही एक सांगितला आणि खिशात कार्ड चाचपू लागले.

अक्काने आपलं कार्ड टेबलावर पुढे सरकवलं. "राहू द्या. मी देस."

फोन भाऊंच्या हातातच वाजला. त्यांनी पाहिलं आणि खिशात घातला. चहा आल्यावर एक घोट घेतला आणि म्हणाले की आलं जरा कमी आहे. अक्का म्हणाली, हो, कमी आहे. पुढे दोघं दुकानातल्या पोरांच्या पगाराबद्दल बोलू लागले.

शेवटच्या सकाळी दाराखालून बिलं आली. आमचं बिल मी धरलं होतं त्याच्या आत होतं. मुलीचे थोडे पैसे उरले होते, तिने मुद्दाम उरवले नव्हते, तिला आणखी काही नको होतं. भाऊंच्या खात्यावर मात्र बरेच उरले आणि ते अस्वस्थ झाले. उतरायला तास असताना त्यांनी दुकानाच्या रांगेत उभं राहून आम्हा सातही जणांना नांगराचं चित्र असलेले टी-शर्ट घेतले. मापं पाहायला वेळ नव्हता. यांचा पोटावर अडकला, माझ्या मुलाचा गुडघ्यापर्यंत आला. परतीला आम्ही सगळे तसेच गाडीत बसलो आणि नाशिकच्या पुढे जेवायला थांबलो तेव्हा हॉटेलवाला आम्हाला कुठल्या तरी शाळेची सहल समजला.

धुळ्याला रात्र न करता आम्ही तिथे ठेवलेली आमची गाडी घेऊन जळगावला आलो. घरी आल्यावर दोन दिवस मला जमीन हलल्यासारखी वाटत होती. फोनवरचं ते अ‍ॅप मी काढून टाकलं. पण फोन दुसऱ्या कशानेही वाजला की पायांना उठायची सवय राहिली, ती अजून गेलेली नाही.

मुलीला आता दर महिन्याला थोडे पैसे देते. आकडा सांगून देते. ती कधी दोन आठवड्यांतच संपवते आणि मग वर्गातल्या मैत्रिणींना सरळ सांगते की माझे संपले. मला ते ऐकताना अजून कसंतरी होतं. तिला होत नाही.

परवा अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, कापसाला भाव काय, तुमच्याकडे केळी कशी आहे. मग आवाज खाली आणून तिने विचारलं की बँकेत तिच्या नावाचं जे खातं आहे, त्याचे मेसेज तिच्या फोनवर येण्यासाठी काय करावं लागतं. आता ते भाऊंच्या फोनवर येतात. मी म्हटलं, सोपं आहे, शाखेत जाऊन नंबर बदलायचा, मी येते तुमच्याबरोबर. भाऊंना विचारलं का, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, विचारलं होतं, ते म्हणाले, कशाला पाहिजे तुला.

"मग काय म्हणालात तुम्ही?"

"काही नाही म्हटलं. पण येशील ना तू?"

मी येईन म्हटलं. पुढच्या आठवड्यात क्लासची परीक्षा आहे, त्यानंतर तिच्याकडे लग्न आहे. त्यानंतरचा सोमवार आम्ही ठरवलाय.